न आखडणारं रबर

टायर नीट पाहायचा तर गाडीशेजारी उकिडवं बसावं लागतं. समोर मराठी आयटीवाल्यांच्या आणि इंजिनिअरांच्या म्युनिकमधल्या पार्किंगमध्ये हमखास दिसणारी जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज धरा. ई90 पिढीतली, 2005 नंतरची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं : 205/55 आर16 91एच. रुंदी 205 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची, एका टायरला 615 किलोंपर्यंतचा भार आणि ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. जवळच तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचा कण. हे चिन्ह हिमावरच्या पकडीची ठरलेली चाचणी पार केल्याशिवाय मिळत नाही. त्याच्या शेजारचं ‘एम+एस’ मात्र कंपनीने आपलं आपण छापलेलं असतं, त्याच्यामागे अशी परीक्षा नाही. म्हणूनच जर्मनीने ऑक्टोबर 2024 पासून हिवाळी रस्त्यांसाठी डोंगराचं चिन्ह सक्तीचं केलं. नुसत्या ‘एम+एस’वर आता भागत नाही.

पण खरा मजकूर कडेवर नाही, जमिनीला टेकणाऱ्या भागावर आहे. उन्हाळी टायरचे ठोकळे मोठे, सलग आणि ताठ असतात. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने ओढल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा असतात. अंगठ्याने ठोकळा एका बाजूला रेटला की चिरा उघडतात आणि प्रत्येकीची एक धार वर येते. बर्फावर हेच होतं. अशा शेकडो धारा आळीपाळीने पृष्ठभाग खरवडतात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ थर टिपून घेतात. गाडी घसरते ती मुख्यतः त्या पाण्यावरून, त्यामुळे उणे वीसच्या कोरड्या गारठ्यापेक्षा शून्याच्या आसपासचा ओला बर्फ जास्त फसवा. आता इतक्या चिरा पाडल्यावर ठोकळा लुळा पडायला हवा. तो पडत नाही, कारण चिरेच्या आतल्या भिंतीही सरळ नसतात, त्यांना उंचवटे आणि खाचा असतात. जोराचा ब्रेक लागला की समोरासमोरच्या भिंती एकमेकींत अडकतात आणि ठोकळा पुन्हा एकसंध होतो. एरवी मोकळं राहायचं आणि वेळ आली की एकमेकांना धरायचं, ही कारागिरी मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत देखणी वाटते. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून तर जास्तच.

रुंद खाचांचं काम वेगळं. त्यांच्यात हिम भरतं, दाबलं जातं आणि तसंच राहतं. नवख्याला वाटतं खाचा तुंबल्या, काम बिघडलं. उलट, हिम हिमाला रबरापेक्षा चांगलं धरतं. पोरं गोळा वळतात तेव्हा हिमाला हिम चिकटतं, तेच इथे चालतं.

आणि रबर. पारा साधारण सात अंशांखाली उतरला की उन्हाळी रबर आखडायला लागतं, रस्त्याच्या खडबडीत दाण्यांत शिरत नाही. हिवाळी मिश्रणात सिलिका आणि मऊपणा टिकवणारे घटक असतात, ते गारठ्यातही वाकतं. फिनलंडमधल्या आजच्या नोकिअन कंपनीच्या पूर्वसुरींनी 1934 मध्ये मालट्रकांसाठी पहिला हिवाळी टायर काढला. दोन वर्षांनी मोटारींसाठी आला तो ‘हाक्कापेलीटा’, सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचं नाव घेऊन. नाव रांगडं, पण टायरचा स्वभाव नमतं घेण्याचा.

हा स्वभाव मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत सर्वांत स्पष्ट कळतो. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत इंजिनाचं वजन ओढणाऱ्याच चाकांवर असतं, त्यामुळे बऱ्याच उणिवा झाकल्या जातात. इथे कामाची वाटणी आहे : पुढची चाकं वळवणार, मागची ढकलणार. कोरड्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर दिला की वजन मागे सरकतं आणि ढकलणाऱ्या चाकांना बळ मिळतं. बर्फावर मुळात वेगच इतका हळू वाढतो की वजन सरकतच नाही, नेमकी गरज असते तेव्हाच ही मदत मिळत नाही. पाय पटकन उचलला तरी पंचाईत. खालच्या गिअरमध्ये इंजिन मागच्या चाकांना रोखतं आणि शेपूट बाजूला निघतं. म्हणून जाणकार चालक दुसऱ्या गिअरमध्ये उठवतो आणि क्लच हळू सोडतो. डिकीत वाळूची गोणी टाकण्याची जुनी युक्ती पिकअपसारख्या मागे हलक्या गाड्यांना ठीक. ई90 चं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं आहे, तिला गोणीपेक्षा चांगलं रबर द्यावं.

चारही चाकांना, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगावं लागतं. ‘ताकद मागे जाते, मग मागेच दोन घालू’ हा हिशेब पैसे वाचवतो, पण मग गाडी निघते झकास, वळत आणि थांबत मात्र नाही. ब्रेकचं मोठं काम पुढची चाकंच करतात.

मापातही मोह आवरावा लागतो. या गाडीच्या अठरा इंची उन्हाळी जोडीत पुढे 225 आणि मागे 255 चे टायर येतात. दिसतात रुबाबदार. हिवाळ्यात मात्र चारही 205 ची अरुंद चाकं घ्यावीत. अरुंद टायर राडा कापत खाली रस्त्यापर्यंत जातो, रुंद टायर त्याच्यावर तरंगतो. माप चारही ठिकाणी एकच असलं की चाकांची अदलाबदलही करता येते. एक गोष्ट खटकण्यासारखी : ही गाडी दोनशे दहाच्या पुढे पळते, म्हणून एच टायर घातले तर चालकाला दिसेल असा वेगमर्यादेचा स्टिकर डॅशबोर्डवर लावावा लागतो. जर्मन कायद्याला सौंदर्यदृष्टी नाही, पण स्मरणशक्ती दांडगी आहे.

देखभालीत पहिली गोष्ट हवा. ती गारठ्यात आकसते. वीस अंशांच्या गॅरेजमध्ये 32 पीएसआय भरलेली हवा बाहेर उणे दहाला चार-पाच पीएसआयने उतरते, तेव्हा दाब गार टायरवरच पाहावा. दुसरी गोष्ट, खाचांची खोली. जर्मन कायद्याला 1.6 मिलिमीटर पुरतात, पण शेजारच्या ऑस्ट्रियात हिवाळ्यात 4 लागतात. म्युनिकहून शनिवारी टिरोलला स्कीइंगला निघणाऱ्याने सीमेअलीकडेच मोजून घ्यावं. नोकिअनच्या टायरवर तर खोलीचे आकडेच कोरलेले असतात आणि झिजता झिजता एकेक पुसला जातो. शेजारचा हिमकण 4 मिलिमीटरला नाहीसा होतो, तोपर्यंतच तो टायर हिमाचा. कडेवरच्या डॉट कोडातले शेवटचे चार आकडेही पाहावेत. 2723 म्हणजे 2023 चा सत्ताविसावा आठवडा. खाचा खोल असल्या तरी वयाने रबर कडक होतं आणि ज्यासाठी पैसे मोजले तो गुणच जातो.

जर्मनांचा ठोकताळा ऑक्टोबर ते ईस्टर. एप्रिलमध्ये चाकं उतरवताना खडूने जागा लिहाव्यात, पुढचं डावं, मागचं उजवं, आणि रिमसकट आडवी रचून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावीत. खडे तेव्हाच काढावेत. या गाडीत मागची जोडी जास्त झिजलेली निघते, ढकलण्याचं काम तिचंच. शरद ऋतूत ती पुढे घालावी आणि खोल खाचांची जोडी मागे, कारण पुढचं घसरणं स्टीअरिंगमध्ये आधी कळतं, मागचं कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. कडेवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर पुढचं चाक त्याच बाजूच्या मागच्या जागी जाईल, डावं उजवीकडे नाही. बोल्ट टॉर्क पान्याने 120 न्यूटन-मीटरला आवळून पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत.