आंजीचं तीन महिन्यांचं बाळ कुठल्या शोधनिबंधात बसतं?

आज तीन संशोधनांची झाडाझडती घेऊ. विषय धास्तीचा आहे: चेहऱ्यात जन्मजात दोष असलेल्या तान्ह्या बाळाला भूल देताना त्याचा श्वास कसा सांभाळायचा?

समजा, वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या आंजी (मोठी) इथलं एक बाळ आहे. ओठ दोन्ही बाजूंनी दुभंगलेला, टाळूही फाटलेली, खालचा जबडा आखूड. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे, त्यामुळे तपासणीत तो सापडतो आणि बाळ सेवाग्राम किंवा सावंगीला पोचतं. आंजीला फॉर्म घेऊन येणारे संशोधक नवे नाहीत, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रच गावात आहे. ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्यानंतर होतं. आता बघा, या बाळाविषयी शास्त्र काय सांगतं.

आधी अडचण समजून घेऊ. तान्हं बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या दुप्पट ऑक्सिजन वापरतं आणि त्याच्या फुप्फुसातला साठा तुटपुंजा. श्वास थांबला की हाताशी फार थोडा वेळ उरतो. आखूड जबड्यात जिभेला जागा पुरत नाही, ती मागे पडते. साध्या लॅरिंगोस्कोपने सरळ रेषेत बघावं तर स्वरयंत्र दिसतच नाही. त्यात पातं टाळूच्या फटीत घसरतं. नळी घालायचा प्रत्येक फसलेला प्रयत्न सूज वाढवतो, म्हणजे पुढचा प्रयत्न आणखी अवघड.

पहिलं संशोधन २०१६ चं, जॉन फियाजो आणि सहकाऱ्यांचं. अमेरिकेतल्या १३ बालरुग्णालयांतल्या, नळी घालायला अवघड अशा १०१८ मुलांची नोंद. २० टक्के मुलांत काही ना काही गुंतागुंत झाली, सुमारे २ टक्क्यांत हृदय थांबलं. साध्या लॅरिंगोस्कोपने सुरुवात केलेल्या ४६१ पैकी फक्त १६ मुलांत नळी पहिल्या फटक्यात गेली. हा आकडा भाषणांत हमखास येतो. पण जरा थांबा! साध्या लॅरिंगोस्कोपने स्वरयंत्र नीट न दिसणं हीच तर या नोंदवहीत येण्याची एक अट होती. ज्यांच्यात ते सहज दिसलं, ती मुलं वहीत आलीच नाहीत. नापासांच्याच वर्गात जाऊन पास किती ते मोजल्यासारखं झालं. आकडा खोटा नाही, पण त्यावरून दोन उपकरणांची तुलना करता येत नाही.

तुलना करतं ते दुसरं संशोधन, २०२० मध्ये 'लॅन्सेट'मधलं. साडेपाचशेच्या आसपास तान्ही बाळं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले दोन गट. पहिल्या प्रयत्नात यश व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने ९३ टक्के, साध्याने ८८ टक्के. मांडणी उत्तम, वय नेमकं आपल्या बाळाचं. मात्र ज्यांची श्वासनलिका अवघड, अशी बाळं आधीच वगळली होती. म्हणजे आपलं बाळ इथेही बाहेरच.

तिसरं आपल्याकडचं: ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची २०१६ ची मुलांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं. सरकारी रुग्णालयातही पाळता येतील अशा क्रमवार पायऱ्या आहेत, आणि बऱ्याचशा शिफारशी मोठ्यांच्या अभ्यासावरून घेतल्याची प्रामाणिक कबुलीही. पण ती १ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, आणि अडचण अचानक उद्भवली तर काय करायचं यासाठी. आपलं बाळ तीन महिन्यांचं. शिवाय त्याची अडचण चेहऱ्यावरच दिसते.

एकात निवड तिरकी, दुसऱ्यात दोष वगळलेला, तिसऱ्यात वय बसत नाही. २०२४ मध्ये युरोपीय भूलतज्ज्ञांच्या संस्थेने नवजात आणि तान्ह्या बाळांसाठी वेगळी तत्त्वं काढली. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप पहिली पसंती, प्रयत्न मोजके ठेवा, हे त्यात आहे. पोकळी थोडी भरली, पण या उपकरणाचा भक्कम पुरावा अजून सोप्या चेहऱ्यांचाच आहे.

मग हातात काय उरतं? माझ्या मते 'प्रयत्न मोजा' हा सल्ला सगळ्यांत टिकाऊ. पहिल्या संशोधनात दोनपेक्षा जास्त प्रयत्न झाले तिथे गुंतागुंत जास्त दिसली. अवघड मुलांतच प्रयत्न वाढतात, हा आक्षेप रास्त आहे. तरी सुजेचं कारण समजण्यासारखं आहे, आणि 'आता थांबा, दुसरा मार्ग घ्या' म्हणायला पैसे लागत नाहीत. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचं तसं नाही. तान्ह्या बाळाच्या मापाचं पातं रुग्णालयात नसेल, तर शिफारस कागदावरच राहते.

पुढचा अभ्यास मात्र इथेच व्हायला हवा. ऑपरेशनआधी जबडा आणि फट मोजायची, सोप्या-अवघड सगळ्या बाळांची नोंद ठेवायची, एकही वगळायचं नाही. फाटलेल्या ओठांची ऑपरेशनं जिथे नेहमी होतात, अशा काही रुग्णालयांनी मिळून केलं तर जमण्यासारखं आहे.

आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असं लेकरू असेल, तर भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी आपणहून सांगा: ते झोपेत घोरतं का, आणि कोणत्या कुशीवर त्याला श्वास बरा येतो. मग एक प्रश्न बिनधास्त विचारा: "नळी गेली नाही, तर पुढे काय ठरलंय?" उत्तर तयार असेल, तर समजा की बाळ योग्य हातांत आहे.