पाण्यातला व्यायाम ‘सरस’ ठरतो, तेव्हा काय तपासायचं?

वयस्क महिला, जमिनीवरचा आणि पाण्यातला व्यायाम, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. या विषयावरच्या पेपरांचा साचा बऱ्याचदा ठरलेला असतो. जमिनीचा, पाण्याचा आणि काहीच न करणारा असे तीन गट, काही आठवडे व्यायाम, आधी-नंतर रक्त तपासणी. शेवटी निष्कर्ष येतो, ‘पाण्यातला व्यायाम अधिक परिणामकारक.’ पीएचडीची तयारी करताय ना? मग इथं थांबून चार गोष्टी बघा.

पहिली, तुलना. पाण्याच्या गटात आधी-नंतरचा फरक सिग्निफिकंट आला आणि जमिनीच्या गटात आला नाही, एवढ्यावरून पाणी सरस ठरत नाही. दोन्ही गटांतल्या बदलांची थेट तुलना हवी. गेलमन आणि स्टर्न यांनी 2006 मध्ये नेमकी हीच चूक दाखवली होती. गटात दहा-बारा जणी असतील तर ही चूक हमखास फसवते.

दुसरी, व्यायामाची तीव्रता. छातीएवढ्या पाण्यात दाबामुळे रक्त हृदयाकडे जास्त परततं आणि तेवढ्याच श्रमाला ठोके साधारणपणे कमी पडतात. मग दोन्ही गटांना ठोक्यांचं एकच टार्गेट दिलं, तर पाण्यातल्या बायका प्रत्यक्षात जास्त मेहनत करतात. फरक पाण्यामुळे पडला की मेहनतीमुळे, हे सांगता येत नाही.

तिसरी, मोजमाप. एमडीए सहसा थायोबार्बिट्युरिक ॲसिडच्या चाचणीनं मोजतात. ही चाचणी स्वस्त आहे, पण हे रसायन इतर पदार्थांशीही रंग देतं. शिवाय एका कठीण व्यायामानंतर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस तात्पुरता वाढतो, आणि नियमित सरावानं शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणा बळकट होते. म्हणून शेवटच्या व्यायामानंतर किती तासांनी रक्त घेतलं, हे लिहिलेलं नसेल तर आकडा वाचायचा कसा? 2009 मध्ये रिस्टो आणि सहकाऱ्यांना आढळलं की सी आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी व्यायामाचा इन्सुलिनवरचा फायदा रोखला गेला. म्हणजे हा स्ट्रेस ‘कमी तेवढा चांगला’ इतका सरळ मामला नाही.

चौथी, आपला भाग. हाच अभ्यास कोरेगाव तालुक्यात करायचा म्हटलं, तर ‘काहीच न करणारा गट’ मिळणार कुठून? साठीतल्या बायकाही खुरपणीला, भांगलणीला जातात. मे महिन्यात सुरू केलेला बारा आठवड्यांचा अभ्यास पेरणी ओलांडून जातो आणि कंट्रोल गटाचे श्रमच बदलतात. काही जणी मिश्री लावतात, काहींच्या घरात चुलीचा धूर असतो. तंबाखू आणि धूर दोन्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढवतात. श्रावण लागला की उपवासानं आहारही बदलतो. हे प्रश्न फॉर्ममध्ये नसतील, तर पुढं कितीही भारी सॉफ्टवेअर वापरा, उपयोग नाही.

मग पाण्यातला व्यायाम निरुपयोगी का? मुळीच नाही. पाणी शरीराचं वजन पेलतं, म्हणून गुडघे झिजलेल्या बाईलाही त्यात हालचाल जमते. हा फायदा एमडीए हलला नाही तरी खराच. तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना रक्ताच्या मार्करसोबत चालण्याचा वेग, गुडघेदुखी आणि किती जणी शेवटपर्यंत टिकल्या, हेही मोजा. अभ्यासात येणाऱ्या बाईला एमडीए कळणार नाही, पण जिना चढता येतोय का, हे ती नक्की सांगेल.