रामबाण औषधांचे कागद

मराठी साहित्याच्या इतिहासात कविता, नाटक, कादंबरी, कीर्तन या सर्वांना जागा मिळाली आहे. औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळलेल्या कागदाला मात्र कोणी साहित्य म्हटले नाही. वास्तविक आपल्या आईवडिलांच्या पिढीत असे कितीतरी लोक होते की ज्यांच्या हाती वर्षाकाठी एखादे पुस्तकही पडत नसे, पण औषधवाल्याचे कॅलेंडर वर्षभर भिंतीवर असे आणि बाटलीतला कागद घरातला शिकलेला मुलगा सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवी. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. मुलांना उतारा दिला की विचारावे, लेखकाला काय म्हणायचे आहे, आणि काय म्हणायचे टाळले आहे? हाच प्रश्न आज या कागदांना विचारायचा आहे. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेले आहेत, तेव्हा उत्तर तपासून पाहणे तुम्हांलाही जमेल.

प्रथम 'पेटंट औषध' हा शब्दच पाहू. आपल्याला वाटे की पेटंट म्हणजे सरकारने तपासून मान्य केलेले. खरी गोष्ट उलट आहे. पेटंट घ्यायचे तर औषधात काय आहे ते उघड करावे लागते, आणि या व्यापाऱ्यांना नेमके तेच नको होते. बहुतेकांनी फक्त नाव आणि चित्र यांचा ट्रेडमार्क घेतला व आतला मसाला गुप्त ठेवला. इंग्लंडात १७८३ पासून अशा औषधांवर सरकारी कर असे आणि त्याची पट्टी बाटलीला चिकटवलेली असे. ती होती कराची पावती. पण गिऱ्हाइकाला वाटे, सरकारचा शिक्का आहे म्हणजे औषध खात्रीचे. व्यापाऱ्याने हा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही. तो कर १९४१ पर्यंत चालू होता.

आता या लेखनाची घडण पाहू. भाषा कोणतीही असो, साचा एकच. आधी भारदस्त नाव. मग रोगांची यादी: डोकेदुखी, अपचन, हिवताप, खरूज, अशक्तपणा, 'स्त्रियांचे सर्व विकार', आणि शेवटी 'इत्यादी'. मग रोग्यांची पत्रे, म्हणजे प्रशस्तिपत्रे. आणि तळाशी ताकीद: नकली मालापासून सावध राहा, आमचा ट्रेडमार्क पाहूनच घ्या. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर इथे 'कदाचित' हा शब्द कधीच येत नाही. रामबाण, अक्सीर, अचूक, शर्तिया, हमखास, असे शब्दांचे एक छोटे सैन्यच मराठी जाहिरातीने उभे केले. त्यातला 'इत्यादी' सर्वांत हुशार. ज्याचा रोग यादीत नाही, त्यालाही तो दारातून आत घेतो.

यादीवरून थॉमस हॉलोवे आठवतो. या इंग्रज गृहस्थाने १८३७ च्या सुमारास मलम काढले, मागून गोळ्या काढल्या, आणि त्यांच्या जाहिराती जगभर अनेक भाषांत छापल्या. त्यातून एवढा पैसा जमला की त्याने लंडनजवळ मुलींसाठी मोठे कॉलेज बांधले. १८८६ साली व्हिक्टोरिया राणीने त्याचे उद्घाटन केले. कॉलेज चांगलेच आहे, आजही चालू आहे. पण त्या विटांमागे किती भोळ्या माणसांची नाणी आहेत, हे कॉलेजच्या चित्रात दिसत नाही.

बीचमच्या गोळ्यांचा हिशेब तर मांडलेलाच आहे. 'एका डबीचे मोल एक गिनी' अशी त्यांची प्रसिद्ध जाहिरात होती. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून पुस्तकच छापले. त्यांना गोळीत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण एवढेच आढळले. छप्पन्न गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. विक्री मात्र एक शिलिंग दीड पेनीला. शंभरपटीहून अधिक. पोट साफ करायला बोळ आणि सुंठ आपल्या आजीच्या फडताळातही होती. फरक इतकाच की आजी तिला रामबाण म्हणत नसे.

हे झाले पैशाचे नुकसान. त्यावर हसता येते. पुढचे हसण्यासारखे नाही.

अमेरिकेत मिसेस विन्स्लो यांचे 'सूदिंग सिरप' तान्ह्या मुलांसाठी विकले जाई. त्याची रंगीत कार्डे आज संग्राहक जपून ठेवतात. आई, पाळणा, गुबगुबीत बाळ, नाजूक रंग. छपाई अशी की नजर हटत नाही. त्या बाटलीत मॉर्फिन होते. बाळ शांत झोपे, आणि काही बाळे उठलीच नाहीत. १९०६ साली अमेरिकेत कायदा झाला, की औषधात मद्यार्क, अफू, मॉर्फिन, कोकेन असेल तर लेबलवर लिहिलेच पाहिजे. बाटलीने खरे बोलायची सक्ती प्रथम तेव्हा झाली.

आपण मुंबईकरांनी मात्र अमेरिकेकडे बोट दाखवून थांबू नये. गिरणगावात दहा-दहा तास कामावर जाणाऱ्या बाया मुलाला घरी झोपवून ठेवण्यासाठी 'बाळागोळी' देत. तिच्यातही अफूच असे. तिला सुंदर कार्ड नव्हते, कागदाची पुडी होती. दोन्हीकडच्या आया सारख्याच थकलेल्या. कार्डावरची आई मात्र कधीच थकलेली दिसत नाही, आणि माझ्या मते त्या चित्रातले पहिले खोटे तेच.

बायकांच्या औषधांच्या जाहिराती हा वेगळा प्रकार. त्या लाजेवर चालत. जे दुखणे पुरुष डॉक्टरला सांगता येत नाही ते आम्हांला पत्राने कळवा, असे त्या म्हणत. अमेरिकेतल्या लिडिया पिंकहॅम बाईंच्या औषधाची जाहिरात हेच सांगे: पत्र लिहा, बाई स्वतः सल्ला देतील. हजारो बायकांनी लिहिले. १९०५ साली एका महिला मासिकाने त्या बाईंच्या थडग्याचा फोटो छापला. त्यांना जाऊन बावीस वर्षे झाली होती! औषधात मद्यार्क होता शेकडा अठरा ते वीस, म्हणजे आपल्या किद्दुशच्या वाइनपेक्षाही कडक.

या लाजेवर खरा इलाज जाहिरातीने केला नाही, स्त्री डॉक्टरांनी केला. मुंबईचे कामा हॉस्पिटल १८८६ साली स्त्रिया व मुलांसाठी सुरू झाले, आणि १९२८ ते १९४७ पर्यंत त्याची सूत्रे आपल्या समाजाच्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या हाती होती. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या बाईला तपासायला बाईच बसलेली आहे, तिला बाटलीला पत्र लिहिण्याची गरज उरत नाही.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्ही सगळ्यांना एकाच काठीने हाणता. तसे नाही. समीक्षेचे काम निवड करण्याचे आहे. अमृतांजनचे उदाहरण घ्या. काशिनाथुनी नागेश्वर राव या आंध्रातून आलेल्या गृहस्थांनी १८९३ साली मुंबईत हा पिवळा बाम काढला. गाण्याच्या बैठकींत ते तो फुकट वाटत. त्याच्या उत्पन्नावर त्यांनी १९०८ साली मुंबईतच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू पत्र सुरू केले. बामाची प्रसिद्धी वाढली ती डोके दुखले तर कपाळाला चोळा एवढ्या साध्या बोलण्यावर. चोळल्यावर बरे वाटते की नाही, हे पाच मिनिटांत ज्याचे त्याला कळते. ज्या जाहिरातीचे म्हणणे वाचक स्वतः पडताळू शकतो, ती जाहिरात मी प्रामाणिक लेखनात धरते. मधुमेह मुळापासून जाईल, असे म्हणणारीचे तसे नाही. तिची चूक कळेपर्यंत पाय गेलेला असतो.

कॅलेंडरांबद्दलही दोन शब्द. १८९४ साली राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने मुंबईत रंगीत शिळाप्रेसची चित्रे स्वस्त केली, आणि चित्राखाली आपले नाव छापून वाटण्याची युक्ती पुढे दुकानदारांच्या हाती आली. आमच्या घरी देवादिकांचे चित्र लावत नसत, म्हणून दुकानदार माझ्या आईसाठी बाळाचे किंवा फुलांचे कॅलेंडर बाजूला काढून ठेवी. त्याला न सांगता कळे, आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. त्या चौकोनांत आई पेन्सिलीने सणांच्या तारखा लिही. औषध विकणारा कागद असा आपल्या सणांचा कागद झाला. अशा कागदांवर माया जडते, ते मला समजते. पण याफोच्या जुन्या बाजारात अशा जाहिराती चौकटीत घालून विकतात, लोक 'किती गोड' म्हणून दिवाणखान्यात लावतात, आणि खालचे वाक्य कोणी वाचत नाही, हे मला पटत नाही. चित्राची वाहवा जरूर करा, पण मजकूरही वाचा. चित्र सुंदर काढले होते ते त्या मजकुरावर विश्वास बसावा म्हणून.

मला विचाराल तर त्या काळचा सर्वांत उत्तम छापील कागद वेगळाच होता. दवाखान्यातला कंपाउंडर मिक्श्चरच्या बाटलीला कागदाची अरुंद पट्टी लावी, तिला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच, एक डोस. शेजारी लेबल: रोग्याचे नाव, दिवसातून तीन वेळा, बाटली हलवून घ्यावे. ना चित्र, ना विशेषण, ना प्रशस्तिपत्र. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ती पट्टी वाचता येई. आपल्या समाजातले कितीतरी जण कंपाउंडर होते, कितीतरी जणी नर्स होत्या. त्यांच्या हातच्या त्या पट्ट्या कोणी संग्रहात ठेवल्या नाहीत, कारण औषध संपले की बाटली धुऊन पुन्हा न्यायची असे.

भारतात औषधांचा कायदा १९४० साली झाला, आणि फसव्या जाहिरातींचा १९५४ साली. दुसऱ्या कायद्यात ठरावीक रोगांवर हमखास इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे, आणि ताईत, मंत्र, कवच यांच्या चमत्कारी गुणांची जाहिरातही त्यात येते. कायद्याने कागद बदलला. लोभ आणि भीती तिथेच आहेत, फक्त त्यांनी आता कागद सोडला आहे.

इथे मी आजच्या गोष्टीवर येते. आज या देशात खऱ्या औषधाच्या डबीत जो कागद येतो, त्याला 'अलोन लात्सर्खान' म्हणतात. तो हिब्रू, अरबी आणि इंग्रजीत असतो. जुन्या कागदाने जे जे लपवले ते ते सर्व त्यात लिहिलेले असते: आत काय आहे, कोणी घेऊ नये, काय त्रास होऊ शकतो. लेखन म्हणून तो रूक्ष आहे, पण खरा आहे. अडचण एकच. अक्षर बारीक, भाषा अवघड, आणि आपल्यापैकी अनेकांचे हिब्रू बाजारापुरते. उलट मोबाइलवर जो संदेश येतो, की अमुक काढा घ्या, साखरेच्या गोळ्या बंद करा, तो असतो गोड मराठीत, 'आजी' म्हणून हाक मारत. म्हणजे खोटे आपल्या मायबोलीत बोलते आणि खरे परक्या भाषेत. पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या माणसाने यांतून कोणावर विश्वास ठेवावा? माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असाच संदेश वाचून रक्तदाबाची गोळी सोडली. महिन्याभरात त्यांना इस्पितळात न्यावे लागले. आता बऱ्या आहेत, पण उजवा हात पूर्वीसारखा चालत नाही. त्या अडाणी नव्हेत. मॅट्रिक झालेल्या, मराठी उत्तम वाचणाऱ्या. फसल्या त्या मराठी वाचता येत होते म्हणूनच.

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या मोआदोनमध्ये महिन्यातून एक दिवस 'अलोन' वाचनाचा ठेवावा. ज्याला हिब्रू चांगले येते त्याने वाचावे, बाकीच्यांनी आपापली डबी घेऊन यावे. सुरुवातीला चार शब्द पुरेत. 'तोफाओत लेवाई' म्हणजे औषधाचे नको असलेले परिणाम. 'अहारे हाओखेल' म्हणजे जेवणानंतर. 'अल केवा रेका' म्हणजे उपाशीपोटी. 'तारीख तफुगा' म्हणजे औषधाची मुदत. यातली 'तारीख' तर आपलीच वाटते. डबीवरचे कळले नाही तर कुपात खोलीमच्या औषधवाल्याला विचारावे. विचारणे हा आपला हक्क आहे, त्यात संकोच नको.

आणि मोबाइलवर नवा रामबाण आला की त्याला शाळेतले तीन प्रश्न विचारावेत. आत काय आहे ते लिहिले आहे का? कोणी घेऊ नये ते लिहिले आहे का? आणि 'कदाचित' हा शब्द कुठे आहे का? तिन्हींचे उत्तर 'नाही' आले, तर तो उतारा नापास समजावा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी मात्र एक दिवसही सोडू नये.