शब्दार्थांच्या यादीपलीकडे : ‘औदुंबर’ आणि ‘स्वामी’ यांतील कठीण शब्द

प्रास्ताविक

मराठीच्या अध्यापनात कठीण शब्द हा बहुधा अडथळा मानला जातो. पाठाखाली शब्दार्थांची यादी येते आणि शब्दापुढे प्रतिशब्द लिहिला की अडथळा दूर झाला, असे गृहीत धरले जाते. विद्यार्थी ती यादी पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि विसरतो. परंतु शब्दाचे काठिण्य केवळ त्याच्या अपरिचितपणात असते काय? बालकवींची एक कविता आणि जी. ए. कुलकर्णी यांची एक कथा यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन

बालकवींची (१८९०–१९१८) ‘औदुंबर’ ही अवघी आठ ओळींची कविता. तीत ‘झाकळणे’ हे क्रियापद येते. आज ते कमी वापरले जात असले, तरी ढगांनी झाकोळलेले आकाश ज्याने पाहिले आहे त्याला त्याचा अर्थ संदर्भातून उमगतो. ‘काळिमा’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. तो सर्वांना ठाऊक आहे, पण ‘काळिमा फासणे’ या वाक्प्रचारातून. म्हणजे कलंक या अर्थाने. बालकवी त्याला गोडव्याचे विशेषण जोडतात. ‘काळिमा : काळेपणा’ एवढ्या नोंदीने हा विरोध मिटतो आणि त्याबरोबर कविताही निसटते. निळासावळा झरा, पांढरी पायवाट, हिरवी कुरणे आणि काळा डोह या क्रमाने वाचत गेल्यासच त्या काळोखातील ओढ जाणवते.

‘निळासावळा’ हेच जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या १९५९ मधील पहिल्या कथासंग्रहाचे नाव आहे. कवितेत झऱ्याचे वर्णन करणारा शब्द तेथे संपूर्ण संग्रहाला आपली छटा देतो. शब्द एका कृतीतून दुसरीत जाताना अर्थाची भर घेत जातो, हे कोणत्याही यादीत दाखविता येत नाही.

जी. एं.च्या ‘पिंगळावेळ’ (१९७७) या संग्रहातील ‘स्वामी’ ही कथा याहून पुढे जाते. तिच्या शीर्षकातील शब्द मुळीच कठीण नाही. स्वामी म्हणजे धनी, मालक, संन्यस्त सत्पुरुष. कथेत मात्र एका वाटसरूला भूमिगत मठात कोंडून ‘स्वामी’ केले जाते. ज्याच्याकडे कशाचीच मालकी उरलेली नाही, त्याला हे नाव मिळते. कथा संपेपर्यंत हा परिचित शब्द वाचकाला अपरिचित झालेला असतो.

याचा अर्थ कोश अनावश्यक आहे असा नव्हे. ‘पिंगळा’ म्हणजे घुबडाच्या जातीचा लहान पक्षी, तसेच पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणारा भिक्षेकरी. हे केवळ तर्काने कळणार नाही. येथे मोल्सवर्थचा कोश (१८३१) किंवा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) उघडावाच लागतो. मात्र कोश पर्याय दाखवितो. नियतीचा सतत वेध घेणाऱ्या लेखकाने हेच नाव का निवडले असावे, याचा शोध कथांमध्येच घ्यावा लागतो.

निष्कर्ष

‘झाकळणे’ अपरिचित आहे, ‘काळिमा’ परिचित असून अर्थ पालटतो, तर ‘स्वामी’ परिचित असूनच दुर्बोध होतो. शब्दार्थांची यादी यांपैकी फक्त पहिल्या प्रकाराची दखल घेते. म्हणून आधी संदर्भातून तर्क, मग कोश आणि त्यानंतर पुनर्वाचन असा क्रम वर्गात ठेवणे श्रेयस्कर ठरते. त्यासाठी तासिका अधिक लागतात, ही अडचण खरी आहे. परंतु थोड्या शब्दांच्या सखोल परिचयाने ती भरून निघते. परीक्षेतही ‘अर्थ लिहा’ या प्रश्नासोबत ‘या शब्दाऐवजी त्याचा प्रतिशब्द योजल्यास काय हरवेल?’ असा प्रश्न विचारता येईल. त्याचे उत्तर पाठांतराने देता येत नाही. त्यासाठी मूळ कृतीच वाचावी लागते.