कागद लंडनचा, हात इथले

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यानं कागदावर उभा केला, त्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं मुंबई कधी पाहिलीच नाही. ग्रंथालय, त्यावरचा मनोरा आणि शेजारचं दीक्षान्त सभागृह असं सगळं त्यानं लंडनमध्ये बसून काढलं. १ मार्च १८६९ रोजी ग्रंथालय आणि मनोऱ्याची पायाभरणी झाली. २८० फुटांचं काम पुरं झालं नोव्हेंबर १८७८ मध्ये, तेव्हा स्कॉटला जाऊन सात-आठ महिने झाले होते. मग ही वास्तू कुणाची म्हणायची? मला ती निम्मी तरी राव बहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याची वाटते. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या नाना जातीजमातींचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने या गृहस्थांनी घडवले आणि पोरबंदरी दगडात ते जागेवरच कोरले गेले. युरोपातल्या गॉथिक चर्चवर त्या ठिकाणी संत नि देवदूत असतात; इथे आपली माणसं आहेत, आपापल्या पागोट्यांसह. आराखडा करणारा आणि बांधणारा यांच्यात एक समुद्र होता, तरी वास्तू एकसंध दिसते. कारण जागेवरच्या माणसाला आपलं डोकं चालवायची मुभा होती.

पैशाचीही एक गोष्ट आहे, आणि ती आम्हा विदर्भवाल्यांच्या जिव्हाळ्याची. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या, राजाबाईंच्या, नावानं मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस अडला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या तेजीचा हा पैसा. त्या कापसात आमच्या वऱ्हाडचाही होता. नागपूरपर्यंत रेल्वे यायची होती (ती आली १८६७ मध्ये), तेव्हा तो बैलगाड्यांनी निघायचा. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला, प्रेमचंदही बुडाले. देणगी मात्र आधीच देऊन झाली होती.

२०१३ ते २०१५ या काळात या मनोऱ्याचं आणि ग्रंथालयाचं जतनकाम झालं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनं सुमारे चार कोटी रुपये दिले, इंडियन हेरिटेज सोसायटीच्या मुंबई शाखेनं पुढाकार घेतला, वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांची संस्था सल्लागार होती आणि रंगीत काचांचं काम स्वाती चांदगडकर यांनी पाहिलं. दगड, लाकूड, काच, शिसं अशा कामांच्या कारागिरांसकट एवढे सगळे एका छताखाली, आणि त्यात विद्यापीठ नावाचा घरमालक! यातून काही सरळ निघालं हेच नवल.

या कामाची खरी गोडी काचांत आहे. रंगीत काचेची खिडकी म्हणजे शेकडो तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेलं जडावकाम. दीडशे वर्षांत शिसं थकतं, खाऱ्या हवेत लोखंडी आधार गंजतात, तावदानाला पोट सुटतं. मग कागद ठेवून घासून त्याचा ठसा घ्यायचा, तुकड्यांना क्रमांक द्यायचे, पट्ट्या सोडवायच्या, काजळी हलक्या हातानं काढायची. तडकलेला तुकडा फेकायचा नाही, सांधायचा. अगदीच हरवला असेल तरच नवा, आणि तोही शेजाऱ्याला न लाजवणारा. हे काम बघणाऱ्याला न दिसण्यात त्याचं यश. आज त्या वाचनकक्षात नवेपणाचा झगमगाट नाही. पश्चिमेचं ऊन येतं तेव्हा रंग बोलतात, कारागीर गप्प राहतो. मला हा संयम फार आवडतो.

आणि इथेच सरकारी पद्धतीचं घोडं पेंड खातं. नेहमीची रीत अशी: आधी आराखडा, मग अंदाजपत्रक, मग निविदा, सगळ्यात कमी दरवाल्याला काम. नव्या इमारतीला ते चालतं. जुनी वास्तू उघडल्याशिवाय आत काय आहे ते सांगत नाही. गिलावा खरवडला की मागे चुन्याऐवजी कुणीतरी भरलेलं सिमेंट निघतं. ते मऊ दगडातली ओल कोंडून दगडाचा पापुद्रा काढतं. अंदाजपत्रकात ही बाब नसते, मग ‘एक्स्ट्रा आयटम’, मग पत्रव्यवहार, तोवर पावसाळा. म्हणून आखणारा नि बांधणारा पहिल्या दिवसापासून एकाच टेबलाशी हवेत, चुन्याचा नमुना भिंतीवर लावून दोघांनी मिळून बघायला हवा. जगात याला डिझाइन-बिल्ड म्हणतात. अर्थात या पद्धतीत एक धोकाही आहे: आखणाऱ्याची मान कंत्राटदाराच्या हातात गेली, तर हिशेब सोयीचा होतो नि दगड गैरसोयीचा. तिथे तिसरा, निःस्पृह डोळा लागतो. राजाबाईच्या कामात पैसे देणारा, सल्ला देणारा आणि हात चालवणारा वेगवेगळे होते, तरी बोलणं एकत्र चाललं असणार, असं त्या काचांकडे पाहून वाटतं.

मी राहतो नागपूरजवळच्या बेशाला. इथे पाच वर्षांची इमारतही जुनी समजतात. दर्शनी भागाला रोमन खांब, मागे गळती. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे रंग, ही आमची समजूत पक्की. नागपूर विद्यापीठाची २०२३ मध्ये शंभरी झाली. कामठीचे मँगनीज खाणमालक राव बहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानं विद्यापीठाला पैसा ठेवला, त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तिकडे कापूस, इकडे मँगनीज. दाता आमच्याकडेही होता. त्या संस्थेच्या जुन्या भिंतींना हात लावायची वेळ येईल, तेव्हा निविदेच्या पहिल्या पानावर चुना जाणणाऱ्या गवंड्याला जागा असावी, एवढंच माझं मागणं.

मुंबईच्या कामाबद्दल एक तक्रार आहेच. मनोऱ्यावर सामान्य माणसाला जाता येत नाही, आणि २०१८ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या परिसरात तो खालूनच पाहावा लागतो. तेव्हा विदर्भ एक्सप्रेसनं जाणाऱ्यांनी दुपारी चारनंतर मनोऱ्यासमोरच्या ओव्हल मैदानावर उभं राहावं. ऊन तेव्हा समोरून दगडावर पडतं. दुर्बीण जरूर न्यावी. मुकुंद रामचंद्रांची माणसं बरीच उंचावर आहेत.