भुतं आली, पथ्यं राहिली

‘द गेम अवॉर्ड्स’च्या २०२० च्या नामांकनांत, पदार्पणाच्या इंडी गेमसाठीच्या यादीत, दोन बहिणी होत्या. दोघींचेही धाकटे भाऊ पळवले गेलेले, दोघीही त्यांच्या शोधात निघालेल्या. एक पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’मधली राजी. दुसरी स्कँडिनेव्हियन लोककथांवर बेतलेल्या ‘रोकी’मधली टोवे. राजीच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ आहे. टोवेला लढाई नाही. वाटेतल्या विचित्र जीवांची अडचण काय ते समजून घेत, कोडी सोडवत तिला पुढे जावं लागतं.

‘राजी’ देखणा आहे, यात वाद नाही. राजस्थानी वास्तूंची आठवण देणारे महाल, छायाबाहुल्यांच्या शैलीतले कथेचे तुकडे, निवेदनाला साक्षात विष्णू आणि दुर्गा. २०१७ ची किकस्टार्टर मोहीम फसल्यावरही ही मंडळी तगली, हेही थोडं नाही. पण बाहुल्या हलतात तेव्हा खेळणारा नुसता बघत बसतो, आणि खेळ त्याच्या हाती येतो तेव्हा तो ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या घराण्यातला निघतो: भिंतीवरून धाव, उडी, वार. असुरांच्या जागी झॉम्बी उभे केले तरी बोटांना फरक कळू नये. दंतकथा चित्रात उतरली, खेळात उतरलीच नाही.

हे जास्त खटकतं, कारण लोककथेचा अर्धा जीव नियमांत असतो. तिन्हीसांजेला अमुक झाडाखालून जाऊ नये, रात्री एकाच हाकेला ओ देऊ नये, उतारा ओलांडू नये, मागे वळून पाहू नये. हाक कुणाची, ओ दिली तर काय, चुकलं तर उतारा कोणता, हे सगळं आधीच ठरलेलं. गेम डिझायनर ज्यासाठी महिनोन्‌महिने डोकं खाजवतो ते आजीने फुकट देऊन ठेवलंय. आपण मात्र तिच्याकडून फक्त हडळीचे उलटे पाय उचलले.

तळकोकणाचंच घ्या. तिथला देवचार किंवा राखणदार मारायचा नसतो. त्याच्याशी गावाचा करार असतो. तो शीव राखतो, रात्री फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो आणि वर्षाला ठरलेली राखण मागतो. गोव्यात आणि लगतच्या सिंधुदुर्गात वेताळाला वहाणा वाहतात, कारण रात्रभर हिंडून त्याच्या झिजतात अशी श्रद्धा. यावरचा गेम मला असा दिसतो: मुंबईहून आलेली मुलगी, बंद पडलेलं घर, तीन पिढ्या थकलेली राखण. काय थकलंय हे कुणी सरळ सांगत नाही. देवळात कौल लावायचा. देवाच्या अंगाला चिकटवलेली पाकळी उजवी पडली तर बहुधा होकार. इतर गेममध्ये फासा पडतो, निकाल लागतो, संपलं. इथे सगळी मेख प्रश्न कसा विचारला यात. ‘घर विकू का?’ आणि ‘घर विकलं तर चालेल का?’ यांना एकच पाकळी दोन उत्तरं देईल, आणि दोन्ही उत्तरं मुलीला निस्तरावी लागतील. मग गाऱ्हाणं: एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं. किती जण म्हणतात यावरून गाव कुणाच्या बाजूने आहे ते कळेल. पडद्यावर गुणांची पट्टी हवीच कशाला?

मात्र कोकणचं रम्य भूतपर्यटन करायचं असेल तर हा गेम न केलेलाच बरा. गावची भुतावळ ही गावची जात आणि बाई यांची नोंदवहीसुद्धा आहे. बाळंतपणात गेली ती हडळ होते. मुंज होऊन लग्नाआधी गेला तो मुंजा. हडळीला हरवायचं की तिला वेळेवर सुईण का मिळाली नाही ते शोधायचं, हा कथेचा प्रश्न आहे आणि डिझाइनचाही. ‘द विचर ३’ने (२०१५) स्लाव्ह लोककथेतल्या दुपारच्या भुताबाबत हे थोडंफार साधलं: विहिरीपाशी कोण मेली आणि कशी, हे शोधल्याशिवाय तिला शांत करता येत नाही. थोडंफारच, कारण शेवटी तलवार येतेच.

कथा कुणाची, हा प्रश्नही उरतो. अलास्काच्या इन्युपियाक लोकांबरोबर घडवलेल्या ‘नेव्हर अलोन’ने (२०१४) ती कथा सांगणारे रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड यांच्या मुलीची परवानगी घेतली, निवेदन इन्युपियाक भाषेत ठेवलं आणि खाली इंग्रजी ओळी दिल्या. खेळ म्हणून तो जागोजागी अडखळतो, तरी ही वाट त्याने नीट घालून दिली. आपल्या तळकोकणातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथी, म्हणजे एकेक चित्र पुढे करत गात सांगितलेली कथा, नुसती ‘संदर्भ’ म्हणून फोटो काढून नेली तर ती उचलेगिरीच.

आणि संवाद कुणी लिहायचे? मालवणी पाठ करून आलेल्या शहरी लेखकाने नकोत. दशावतारी नटाकडे संहिता नसते; कथानक ठरतं आणि संवाद रंगमंचावर, समोरच्याच्या तोंडाकडे बघून सुचतात. फाटे फुटणाऱ्या कथेला नेमका हाच माणूस हवा: एका प्रश्नाला चिडून, घाबरून, लबाडीने अशी हवी तितकी उत्तरं तो उभ्या उभ्या देईल. त्याला मानधन आणि श्रेयनामावलीत नाव द्यावं, आणि ध्वनिमुद्रण पावसाळ्यात ठेवावं. जत्रांच्या दिवसांत तो रात्री सापडायचा नाही.