बर्फ, भिशी आणि मृत्युपत्र

नाताळच्या सुट्टीत वाचायला म्हणून निघणाऱ्या इंग्रजी प्रेमकथा-रहस्यकथांना एक सोपी कसोटी लावून पाहावी. गोष्ट उचलून जुलैत नेली तर तिचे काय बिघडते? अलीकडच्या बहुतेक पुस्तकांचे फारसे काही बिघडत नाही. लोकरी स्वेटर जाऊन सुती कपडे आले, गरम चॉकलेटऐवजी सरबत आले की काम भागते. मुखपृष्ठावर बर्फात बुडालेले घर आणि खिडकीत पिवळा उजेड. दारात दोघे उभे असतील तर प्रेमकथा, बर्फावर लाल डाग असेल तर खून. आत शिरल्यावर सण दाराच्या तोरणाएवढाच उरतो. हे विशेष खटकते, कारण कथानकाला इतकी सोयीची गोष्ट इंग्रजी लेखकांना दुसरी मिळालेली नाही. वर्षभर एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एका घरात जमतात, कचेऱ्या बंद, रस्ता अडलेला, आणि वर सगळ्यांनी हसतमुख राहायचे असा दंडक. अशा घरात एक तर प्रेम जमेल, नाही तर मुडदा पडेल.

या घसरणीचे खापर बहुधा बाजारावर फोडले जाते. ते पटत नाही, कारण हा प्रकार जन्मला तोच बाजारात. डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ 19 डिसेंबर 1843 रोजी विक्रीला आले आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्या 6,000 प्रती खपल्या. लेखकाला पैशांची निकड होतीच. शेरलॉक होम्स पहिल्यांदा वाचकांसमोर आला तो 1887च्या ‘बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल’मध्ये, आणि होम्सच्या त्या पहिल्या कादंबरीचे सगळे हक्क कोनन डॉयलने अवघ्या 25 पौंडांना विकले होते. हंगाम साधून पुस्तक विकणे हे पाप असेल तर ते पहिल्या पिढीचे आहे. पण डिकन्सने त्याच हंगामी पुस्तकात भुकेने खंगलेली दोन मुले वाचकासमोर आणून उभी केली. सण कोणाच्या ताटात पडतो आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न त्याने गिऱ्हाइकालाच विचारला, आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजून तो ऐकून घेतला.

सण कथेच्या हाडात कसा मुरवायचा, हे पाहायला डॉयलचीच ‘द ब्लू कार्बंकल’ पुरेशी आहे. 1892च्या जानेवारीत ‘स्ट्रँड’ मासिकात आलेली ही कथा. एका श्रीमंत बाईच्या खोलीतून निळे रत्न चोरीला जाते आणि सापडते ते नाताळच्या मेजवानीसाठी आणलेल्या हंसाच्या गळ्यातल्या पिशवीत. रत्न तिथे पोचले कसे, याचा माग काढत होम्स हंस पाळणारी बाई, कॉव्हेंट गार्डनचा व्यापारी आणि ब्लूम्सबरीतला गुत्ता असा सगळा पुरवठ्याचा रस्ता उलटा चालत जातो. त्या गुत्त्याच्या मालकाने हंसाची भिशी चालवलेली असते. दर आठवड्याला काही पेन्स भरायचे, नाताळला एक हंस घरी न्यायचा. दिवस फिरलेला, टोपीला शाईचे डाग लावून तिची अवकळा झाकणारा हेन्री बेकर त्या भिशीचा सभासद आहे. चोरीचा आळ आला आहे तो नळजोडणी करणाऱ्या एका कामगारावर. नाताळ काढून टाका: हंस बाजारात जात नाही, भिशी उरत नाही, रत्न हलत नाही. शेवटी होम्स खऱ्या चोराला सोडून देतो तेही हे दिवस क्षमेचे आहेत म्हणून. कथेचा कायदासुद्धा सणानेच ठरवलेला आहे.

अगाथा ख्रिस्तीने 1938च्या ‘हर्क्युल प्वारोज ख्रिसमस’मध्ये क्षमेचीच बाजू उलटी केली. हिऱ्यांच्या धंद्यात गबर झालेला म्हातारा सिमियन ली मुलांना-सुनांना नाताळसाठी घरी बोलावतो. माया उफाळून आलेली नसते. सगळ्यांना एका खोलीत बसवून, मृत्युपत्र बदलण्याची भाषा करून त्यांना टोचत राहायचे, एवढाच त्याचा विरंगुळा. आदल्या रात्री त्याचा गळा चिरला जातो. सणासुदीला बळेबळे गोड वागावे लागते तेव्हा दाबलेला राग दुप्पट जोराने बाहेर येतो, असा गुप्तहेर प्वारोचा सिद्धान्त आहे आणि कादंबरी तो पानोपानी सिद्ध करते. पात्रे तशी साचेबंदच, पण सण इथेही कारण म्हणून येतो.

आजच्या प्रेमकथेची अडचण नेमकी इथे आहे. तिचा साचा आता पाठ झाला आहे: शहरातली नोकरी सोडून गावी परतलेली मुलगी, कर्जात बुडालेली बेकरी, शेजारचा अबोल सुतार, आणि 24 तारखेला सगळे मार्गी. ‘हॉलमार्क’ वाहिनीने 2009पासून ‘काउंटडाउन टू ख्रिसमस’ या नावाखाली हा साचा दरवर्षी डझनांनी पडद्यावर आणला, आणि पुस्तकेही त्याच मापाने बेतली जाऊ लागली. बेकरीवर कर्ज आहे असे सांगतात, पण रक्कम, व्याज, सावकार यांचा पत्ता नसतो. गावकरी एका संध्याकाळी जमतात आणि कर्ज फिटते. भाऊबंदकी नाही, विधवा आई कोणाकडे राहणार हा वाद नाही. याच्याशेजारी रोझामंड पिल्चरची 2000 सालची ‘विंटर सॉल्स्टिस’ ठेवून पाहावी. तिथे बायको-मुलगी अपघातात गमावलेला वयस्क ऑस्कर आहे, राहते घरही हातचे गेलेला. सुट्टीत कोणालाच नकोशी झालेली शाळकरी ल्यूसी आहे. घर विकत घ्यावे का ते पाहायला आलेला एक परका बर्फामुळे त्यांच्यात अडकतो. नाताळला जायला जागा नाही, हीच या सगळ्यांची गरज, आणि प्रेम त्या गरजेतून जुळते. पिल्चर बरीच गोड लिहिते, कधीकधी अतीच. तरी ही गोष्ट जुलैत हलवता येत नाही.

यावर वाचक म्हणेल, सुट्टीत डोके शिणवायचे नसते, ओळखीचेच हवे असते. हे म्हणणे खोटे नाही. नॉर्वेत 1923 साली एका रहस्यकादंबरीची जाहिरात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमीसारखी झळकली, आणि तेव्हापासून तिथे ईस्टरच्या सुट्टीत खुनाच्या गोष्टी वाचण्याची रीतच पडली. पुनरावृत्ती हा दोष धरला तर निम्मे लोकसाहित्य बाद करावे लागेल. पण ओळखीचा साचा आणि रिकामा साचा एक नव्हेत. जे. जेफरसन फार्जनची 1937ची ‘मिस्ट्री इन व्हाइट’ ब्रिटिश लायब्ररीने 2014 साली पुन्हा काढली आणि ती धडाक्याने खपली. बर्फात आगगाडी अडते, प्रवासी उतरून एका घरात शिरतात, शेकोटी पेटलेली, चहा मांडलेला, आणि घरात कोणीही नाही. विसावा शोधणाऱ्या वाचकांनीच हे अस्वस्थ करणारे घर उचलले.

मराठी वाचकाला या प्रश्नाची दुसरी बाजू ठाऊक आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नाताळ अंक पाहूनच. आपण हंगाम घेतला, हंगामाची कथा मात्र घेतली नाही. ‘नवल’, ‘धनंजय’ यांनी दिवाळीत रहस्य आणि भय भरपूर पुरवले, पण त्यांत दिवाळीमुळेच घडलेला गुन्हा क्वचित भेटतो. वास्तविक पाडव्याला वाड्यात जमलेले भाऊ, भाऊबीजेला माहेरी आलेली बहीण आणि सातबाऱ्यावरची नावे, एवढा दारूगोळा पडून आहे.

राहतो एक आक्षेप, आणि तो वजनदार आहे. या जुन्या रहस्यकथा जहागीरदारांच्या वाड्यांतल्या. त्यांच्या आज निघणाऱ्या आवृत्त्या म्हणजे नोकरचाकरांच्या जमान्याची हळहळ, असे म्हणतात. अनेक पुस्तकांबाबत ते खरे आहे. सिरिल हेअरच्या 1951च्या ‘ॲन इंग्लिश मर्डर’ला मात्र ते लागू पडत नाही. मरणपंथाला लागलेला उमराव, फॅसिस्ट टोळी चालवणारा त्याचा मुलगा, समाजवादी सरकारात अर्थमंत्री झालेला चुलतभाऊ, आणि सगळ्यांना वाढणारा बटलर ब्रिग्ज, ज्याचे स्वतःचे दुःख कथेच्या मध्यभागी आहे. उलगडा इथे फोडत नाही, पण तो बर्फात उमटलेल्या पावलांवरून होत नाही. तो होतो ब्रिटिश राज्यघटनेतल्या एका जुन्या तरतुदीवरून, आणि ती ओळखतो त्या घरात कागदपत्रे चाळायला आलेला डॉ. बॉटविंक, मध्य युरोपातून आलेला निर्वासित ज्यू इतिहासकार. यजमान त्याला कोणत्या टेबलावर जेवायला बसवावे या पेचात असतात, आणि त्यांच्या घराण्याचा कायदा त्यांच्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक असतो.